मोबाईल काढून घेण्याआधी विचारा: तो जेवायला कोणासोबत बसतो?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा 16 वर्षांचा. दहावीपर्यंत गावातच होता, कायम पोरांच्या घोळक्यात. जेवायला बोलवायचं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन हाका माराव्या लागायच्या. दहावीची परीक्षा झाली आणि एप्रिलपासून तुम्ही त्याला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला ठेवलं. आता दिवाळीला 10 दिवस घरी आलाय. त्यातले 4 दिवस गेले, पण तो खोलीबाहेर येत नाही. जुने मित्र दोनदा दारात येऊन गेले, तर 'झोपलाय म्हणून सांग' म्हणाला. हातात सतत मोबाईल. तुम्ही विचारताय, मोबाईलमुळे पोरगा एकलकोंडा झालाय का आणि तो काढून घ्यावा का.

मी 22 वर्षं समुपदेशनाचं काम करते. त्यातली 15 लातुरात गेली, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडून येऊन इथं राहिलेल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींमध्ये. तुमच्या मुलाशी मी बोललेले नाही, त्यामुळे त्याच्या मनात नेमकं काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं दिवाळीचं चित्र मी दरवर्षी ऐकते, आणि त्यामागं बहुतेक वेळा काय निघतं ते आता ओळखीचं झालंय.

मला यात मोबाईल दुसऱ्या नंबरवर दिसतो. पहिला प्रश्न असा की, ज्या पोराचा घरात पाय ठरत नव्हता, त्याच्या आजूबाजूची माणसं सहा महिन्यांत गेली कुठं? मोबाईल त्या रिकाम्या जागेत येऊन बसलाय. जागा कशानं रिकामी झाली ते न बघता मोबाईल काढला, तर त्याच्यासमोर नुसती भिंत उरेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. काही मुलं मुळातच कमी बोलणारी असतात. त्यांना एकांत मानवतो, आणि त्यात काळजीचं काही नाही. खोलीत दोन तास बसून चित्र काढून, वाचून बाहेर आलेलं मूल ताजं दिसतं, त्याला भूक लागलेली असते. एकटेपणात बसलेलं मूल बाहेर येतं ते मरगळलेलंच. तुम्ही सांगताय तो मुलगा मुळात घोळक्यातला आहे, म्हणून 'त्याचा स्वभावच तसा' असं म्हणून मी हे सोडणार नाही.

दुसरं, या वयाची मुलं 'मला एकटं वाटतं' असं म्हणत नाहीत. 15 वर्षांत हे वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं, आणि तेही बहुधा मुलींकडून. मुलगे म्हणतात, मेस चांगली नाही. डोकं दुखतं. इथलं पाणी मानवत नाही. रूम बदलायची आहे. फार झालं तर 'करमत नाही' म्हणतात, आणि आपण 'होईल सवय चार दिवसांत' म्हणून ते उडवून लावतो. खरं तर एकटेपणाला याच्याइतका नेमका शब्द मला माहीत नाही. आपल्याकडे मूल 'करमत नाही' म्हणालं, तर त्याला माणसं हवी आहेत असं समजावं.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाला माझ्याकडे पाठवलं होतं. तक्रार एकच, मेसचं जेवण जात नाही. सहा किलो वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, सगळं ठीक. एके दिवशी मी त्याच्यासोबत मेसला गेले. मेस साडेसात ते पावणेदहा चालायची, तो साडेनऊनंतर जायचा. तोवर वरण निवलेलं, पोळ्या तळातल्या, वातड झालेल्या. मी विचारलं, लवकर का येत नाहीस? म्हणाला, गर्दी असते. मी पुढं काही विचारलं नाही. भात कालवता कालवता तो आपणहून बोलला, 'मॅडम, ताट घेतल्यावर कुठं बसायचं ते ठरवावं लागतं. तोवर उभं राहावं लागतं. सगळे बघतात.' समोर पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून ठेवला होता. काहीतरी चालू होतं, आवाज बंद. तो त्याच्याकडे बघतही नव्हता. आपण एकटे बसलोय असं दिसू नये, एवढंच त्या मोबाईलचं काम होतं.

तेव्हापासून मी पालकांना 'मित्र झाले का?' हा प्रश्न विचारू देत नाही. त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. जेवायला कोणासोबत बसतोस? क्लासवरून परत येताना सोबत कोण असतं? परवा ताप आला होता तेव्हा गोळी कोणी आणून दिली? असं विचारा. नाव आलं तर बरं आहे. 'असतं कोणीतरी' असं उत्तर आलं, तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

आता हे होतं कसं? आपल्याकडे मैत्रीचा सगळ्यात मोठा तुकडा दहावीत पडतो. शाळेचा सेंड-ऑफ होतो फेब्रुवारीत, तेव्हा डोक्यात परीक्षा असते. मार्चमध्ये पेपर संपतात आणि एप्रिलमध्ये क्लासची बॅच सुरू होते. ज्यांच्यासोबत पहिलीपासून एका बाकावर बसले, त्यांचा धड निरोपही घेऊन होत नाही. एक पुण्याला जातो, एक आयटीआयला, एक बापाच्या दुकानावर बसतो, एक लातूरला येतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याचे फायदे आहेत, पण 'आपण चौघं एकाच कॉलेजला जाऊ' हे आता चौघांच्या हातात राहिलं नाही, कटऑफच्या हातात गेलं. शिवाय इंटिग्रेटेडवाल्या मुलांना कॉलेज असं नसतंच. नाव एका कॉलेजात, दिवस सगळा क्लासमध्ये.

तुम्ही म्हणाल, नवे मित्र होतातच की. होतात, पण त्यांना वेळ लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी गाव बदललेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं यांचा 2018 साली अभ्यास केला. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला 200 तासांहून जास्त, असं त्यांना दिसलं. त्यातही एकत्र काम करण्यात किंवा वर्गात बसण्यात गेलेल्या तासांपेक्षा मोकळेपणानं घालवलेले तास जास्त कामाला येतात. हे वाचलं तेव्हा मला एसटी स्टँड आठवला. शाळेतली मैत्री मधल्या सुट्टीत होते, सायकल ढकलत घरी येताना होते, न आलेल्या बसची वाट बघताना होते. त्याला कोणी 'वेळ दिला' असं म्हणत नाही, कारण तो फुकट गेलेला वेळ असतो. क्लासचं वेळापत्रक नेमका तोच वेळ खातं. सकाळी सहाला उठणं, लेक्चर, डाऊट, अभ्यासिका, टेस्ट, रात्री साडेअकराला आडवं होणं. दिवसभर शंभर-दीडशे मुलांच्या बॅचमध्ये बसून मुलगा एकटा कसा, असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. दीडशे मुलं एकाच फळ्याकडे बघत बसलेली असतात हो, एकमेकांकडे बघायला त्यांना सवडच नसते.

त्यात बॅच फिरतात. दर काही टेस्टनंतर मार्कांवरून वरची बॅच, खालची बॅच. कसाबसा शेजारचा मुलगा ओळखीचा झालेला असतो, तो वर जातो किंवा हा खाली येतो. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून बॅच वेगळ्या करणं आणि चारचौघांत पाणउतारा करणं शिक्षणसंस्थांनी, विशेषतः क्लासेसनी, शक्यतो टाळावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक असावा, हेही त्यात आहे. तुम्ही क्लासच्या ऑफिसात जाऊन या दोन्ही गोष्टी विचारू शकता. बहुतेक पालक फीची पावती सोडून काहीच विचारत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

स्पर्धेबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ती माहीतच आहे. 2024 साली नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. मुलांना हा आकडा पाठ असतो. शेजारच्याला आपली अडचण सांगितली तर आपण कच्चे आहोत हे त्याला कळेल, ही भीती त्यातून येते. एका मुलीनं मला सांगितलं होतं, 'मी रूममेटला रडताना दिसू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडते. नंतर कळलं, तीही तेच करते.' एका खोलीत, दोन पलंगांच्या अंतरावर, दोघी एकट्या.

पण ताई, सगळ्यात जड ओझं मला दुसरंच दिसतं, आणि त्याबद्दल पालक कधी बोलत नाहीत. मुलाला घरचा हिशोब माहीत असतो. क्लासची फी, होस्टेल, मेस, पुस्तकं यांसाठी कर्ज काढलंय की जमिनीचा तुकडा विकलाय, बहिणीचं लग्न पुढं ढकललंय की सोयाबीन गेलं म्हणून बाबा गप्प आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही, पण सगळं कळतं. असं मूल फोनवर काय सांगणार? 'सगळं चांगलंय.' दररोज रात्री नऊला फोन येतो, तुम्ही विचारता जेवलास का, अभ्यास झाला का, टेस्टला किती पडले. तो तीन उत्तरं देतो आणि फोन ठेवतो. हळूहळू अशी गत होते की ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याशीच खोटं बोलावं लागतं. ज्यांच्याशी खोटं बोलतो त्यांच्यासमोर आरामात बसता येत नाही, म्हणून तो दार लावून घेतो. तुमच्या मुलाचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण मी ज्या मुलांचं दार उघडलेलं पाहिलं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या दाराला आतून हीच कडी होती.

एक मुलगा म्हणाला होता, 'मॅडम, घरी काय चाललंय ते मला कोणी सांगतच नाही. सगळे मलाच विचारतात.' त्याच्या घरी म्हैस विकली होती, ते त्याला तीन महिन्यांनी चुलतभावाकडून कळलं. त्याला वाटलं, आपण त्या घरातले राहिलोच नाही. आईवडिलांनी लपवलं ते त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. दोन्हीकडून मायाच होती आणि मध्ये तीन महिने कोणीच खरं बोललं नाही.

तुम्ही लिहिलंय, 'मी एवढं करते, तरी माझ्याशी बोलत नाही.' यात तुमचं काही चुकलं असं नाही. या वयात मुलांची माणसांची भूक घरातून निघून बरोबरीच्यांकडे वळते. आठ वर्षांच्या मुलाला आई पुरते, सोळाव्या वर्षी पुरत नाही, आणि ते तसंच व्हायला हवं. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली एकटेपणाचे दोन प्रकार मांडले होते. एकात आपला असा गट नसतो. दुसऱ्यात जिवाभावाचं एक माणूस नसतं. एकाची उणीव दुसऱ्यानं भरत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते रोजच्या कामात पटलेलं आहे. तुमच्या मुलाला घरात तुमची माया आहे, पण घोळका गेला, त्याची भरपाई तुमच्या मायेनं होणार नाही. उलट काही मुलं घोळक्यात दिसतात, खेळतात, हसतात, आणि त्यांच्याकडे मनातलं सांगायला एकही माणूस नसतं. ती तर कोणाच्याच नजरेत येत नाहीत.

मग जुने मित्र दारात आले तेव्हा बाहेर का आला नाही? हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय असं दिसतं. एकटेपणाची एक वाईट गोष्ट अशी की तो लांबला की मन सावध होतं, संशयी होतं. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. भूक लागली की आपण अन्नाकडे जावं म्हणून पोट कुरकुरतं, तसा एकटेपणा हा माणसांकडे जा असं सांगणारा इशारा आहे, असं ते सांगत. पण बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला समोरचा चेहरा नाराज वाटायला लागतो, साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्यापासूनच तो लांब पळतो. तुमच्या मुलाला आधीच वाटत असेल की पोरं विचारणार, 'काय डॉक्टर, किती पडले टेस्टला?' गावात त्याला आता नावानं कोणी हाक मारत नसेल, 'डॉक्टर' म्हणत असतील. 720 पैकी 300 पडत असतील तर ती हाक टोचते. शिवाय सहा महिन्यांत गणपती झाले, नवरात्र झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे फोटो आले, आणि त्यात तो नव्हता.

हे फक्त बाहेरगावी ठेवलेल्या मुलांचं नाही, हेही सांगायला हवं. घरात राहूनही मुलं एकटी पडतात. शाळेत चिडवलं जाणारं मूल, मराठी शाळेतून इंग्रजीत गेल्यावर वर्गात तोंड न उघडणारं मूल, आईवडिलांच्या भांडणात मधोमध बसलेलं मूल, आपण इतरांसारखे नाही हे कळलंय आणि ते कोणाला सांगायची सोय नाही असं मूल. आणि मुली. वयात आल्यावर मुलींचं बाहेर जाणंच बंद होतं; 'कुठं चाललीस, कशाला चाललीस' यात मैत्रिणी सुटतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं. अकरावीतल्या एका मुलीनं मला बोटांवर मोजून दाखवलं होतं, दहावीच्या तिच्या मैत्रिणींपैकी चौघींची लग्नं झाली, एकीला मूल झालं. 'त्यांना फोन केला तर सासू उचलते,' म्हणाली. तिच्या एकटेपणाचं कारण मोबाईल नव्हता.

आता मोबाईल. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. 37 देशांतल्या शाळकरी मुलांच्या माहितीवरून 2021 साली एक अभ्यास आला. त्यातल्या 36 देशांत 2012 ते 2018 या काळात शाळेत एकटं वाटणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि अभ्यासकांनी स्मार्टफोनकडे बोट दाखवलं. त्यात भारत नव्हता, पण मी जे बघते ते फार वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून 2025 मध्ये अहवाल दिला, त्यातही 13 ते 17 वर्षांच्या मुलांत साधारण 5 पैकी 1 जण एकटं वाटतं म्हणतो. हे प्रमाण म्हाताऱ्या माणसांहूनही जास्त आहे. मोबाईल काय करतो? भूक मारतो. चहा-बिस्किटांनी जेवण मारावं तसं. माणसांची तलफ आली की बोट फिरतं, वेळ निघून जातो, पोट भरत नाही. आणि रात्री दोनपर्यंत जागलं की दुसऱ्या दिवशी कोणाशी बोलायचं त्राण राहत नाही.

पण त्याच मोबाईलवर जुन्या वर्गाचा ग्रुप असतो, आणि कधीकधी तीच त्याची शेवटची तार असते. तुम्ही हिसकावून घेतलात तर ती तुटेल, आणि तुमच्याशी होणारं थोडंफार बोलणंही बंद होईल. म्हणून माझा नियम साधा आहे. रात्री अकरानंतर मोबाईल घरातल्या सगळ्यांचे हॉलमध्ये, तुमचा आणि त्याच्या बाबांचासुद्धा. दिवसा काढून घेऊ नका. तो काय बघतो यापेक्षा कोणाशी बोलतो याकडे लक्ष ठेवा, आणि एखाद्याशी तासभर बोलत असेल तर मध्येच आवाज देऊ नका.

थोडक्यात मला दिसतं ते असं. घोळका तुटला, नवा व्हायला लागणारा मोकळा वेळ मिळाला नाही, बॅच बदलत राहिल्या, घरच्या ओझ्यामुळे खरं बोलता येईना, मन संशयी झालं, आणि मोबाईल त्या जागी बसला. यातलं तुमच्या घरी किती लागू आहे ते तुम्हीच ठरवू शकता.

एका बाबतीत मात्र परिस्थितीवर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, अंघोळ, कपडे, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, स्वतःच्या वस्तू वाटून टाकत असेल, 'मी नसलो तर बरं' असं काही बोलला असेल, तर हा नुसता एकटेपणा राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात विचारा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलतात. तिथं तुम्हीही फोन करू शकता, फक्त मुलानंच करावा असं नाही. आणि मनात शंका असेल तर त्याला सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का रे?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटल्यासारखी रडतात, हे मी स्वतः पाहिलंय.

तसं काही नसेल, तर हातात अजून सहा दिवस आहेत. आज-उद्या अभ्यासाचं नाव काढू नका. त्याला घरचं सांगा. शेतात काय झालं, आजीचा गुडघा कसा आहे, शेजाऱ्यांशी काय वाजलं. पैशाचंही सांगा, आणि त्याच्या बाबांनी सांगितलं तर जास्त चांगलं: एवढं कर्ज आहे, एवढे हप्ते आहेत, ते आमचं काम आहे, तू फेडायचं नाहीस. हे वाक्य मोठ्यानं म्हणावं लागतं. 'त्याला माहीतच आहे' असं धरून चालू नका. नंबर नाही लागला तर काय करायचं, हेही एकदा त्याच्यासमोर बोला. परत यायचं दार उघडं आहे हे कळलेली मुलं लवकर परत येत नाहीत. दार बंद वाटलं की मात्र घाबरतात. लातूर सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी, घरून जाऊन-येऊन तयारी करणं हाही मार्ग असतो. तो घ्यावा की नाही हे त्याच्या तब्येतीवर आणि त्याच्या मनावर आहे, आत्ता लगेच ठरवायची गरज नाही.

तो परत गेल्यावर एक काम तुम्ही करा. त्याच्यासाठी मित्र शोधत बसू नका. त्याच माणसांसोबत, त्याच वेळी, आठवड्यातून चार-पाच तास जातील अशी एखादी गोष्ट लावून द्या, जिच्यात मार्क नसतील. रविवारी सकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट, व्यायामशाळा, तालीम, ओळखीच्या कुटुंबाकडे दर रविवारी जेवण, काहीही. क्लासवाले म्हणतील वेळ जाईल. आठवड्याचे पाच तास गेल्यानं कोणाचं मेडिकल हुकलेलं मी पाहिलं नाही. माणसं नसल्यानं हुकलेलं पाहिलंय. जेवणाची वेळ ठरवून एकाच मुलासोबत मेसला जाणं, एवढ्यावरसुद्धा फरक पडतो. मी वर सांगितलेल्या मुलाला मी फक्त इतकंच करायला लावलं होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलाला रोज पावणेआठला दार वाजवायला सांगितलं. पहिले काही दिवस दोघं गप्प जेवले. मग कधीतरी मेसच्या भाजीला दोघांनी मिळून नावं ठेवायला सुरुवात केली.

आणि त्या जुन्या मित्रांचं. 'जा, भेटून ये' म्हणू नका, तो जाणार नाही. काय बोलायचं हा प्रश्न त्याच्या पायात आहे. त्याला काहीतरी काम द्या. दोनदा दारात आलेल्या त्या मुलांपैकी एकाच्या आईला तुम्ही नक्की ओळखत असाल. स्टीलच्या डब्यात चिवडा, चकल्या, चार लाडू भरा, आणि 'माझे हात गुंतलेत, एवढा डबा काकूंना देऊन ये, डबा रिकामा करून घेऊन ये' म्हणून त्याला पाठवा. काकू डबा रिकामा करून त्यांचा फराळ भरून देईपर्यंत त्याला तिथं बसावं लागेल. अर्धा तास झाला, तास झाला, तरी फोन करू नका.